मागच्या दाराचा रस्सा

“दोन्ही वेळा तुले खाऊ घालून राह्यली मी, अन् तू माह्या हातच्या जेवणाले नावं ठेवतं?” पातोडीच्या रश्श्याचं पातेलं हातात धरूनच मी कमलवर ओरडले.

कमल माझी शेजारीण. पाय मोडून खाटेवर पडली, तेव्हापासून तिचं जेवण मीच पुरवत होते. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून.

“नावं नाही ठेवत माय. पण रस्सा रोज थंडाच येते.”

“चुलीवरून उतरवला की तशीच निघते मी. खोटं बोलू नको!”

आता आमची मागची दारं समोरासमोर आहेत, हे खरं. पण मी पुढच्या गल्लीनं जायचे, कारण मागं चिखल असतो. मे महिन्यातही असतो. गल्लीत ओट्यावर बसलेल्या बायका विचारायच्या, “आज काय नेता काकू?” विचारल्यावर झाकण उघडून दाखवावंच लागतं. कमलला माझ्याशिवाय कोणी नाही, हेही सांगावं लागतं. ते सगळं तिच्या खिडकीतून आत ऐकू जातं, हे मला काय ठाऊक!

कमल शांतपणे म्हणाली, “एक दिवस मागच्या दारानं आण माय, रस्सा गरम पोचते का तेवढं पाहू.”