आरजूच्या नावाचं डांबर

(भोर. जलीलचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यातली सकाळ.)

मानसिंग : ...तर उद्या साहेब येणार, आन् फीत आपल्या आरजूच्या हातानं कापायची! बोला जलीलभाई, रस्त्याला लेकीचं नाव लागलं, छाती फुगली का न्हाई?

जलील : कुठल्या रस्त्याला, मानसिंगराव?

मानसिंग : खिंडीच्या! पोर रोज जिथं सायकल मारती तिथल्या. वरपासनं खालपर्यंत डांबर. एक दगूड ठेवला न्हाई.

आरजू : एकसुद्धा नाही?

मानसिंग : हुडकून दाखव!

आरजू : काका, माझा सगळा सराव त्या दगडांवरच होता.

मानसिंग : म्हून तर केलं! गेल्या साली पडलीस तिथं, कोपर फुटलं. म्या डोळ्यांनी बघितलं. मी गावचा पुढारी, आन् गावची पोर दगडात पडती?

आरजू : मी पडायलाच जाते तिथं. राज्याच्या शर्यतीत चढाला मी सगळ्यांच्या पुढं होते. उताराला दगड आले, घाबरून ब्रेक दाबला, चौघी पुढं निघून गेल्या. तेव्हापासून त्या खिंडीत ब्रेक न दाबता उतरायला शिकतेय. यंदा पहिल्या तिघींत आले तरच महाराष्ट्राच्या संघात घेतील.

मानसिंग : मग आता उतर की सुसाट, डांबरावरनं!

जलील : अहो, तिची शर्यतच डोंगरातली. तिथं डांबर नसतं.

मानसिंग : नसतं म्हंजे? एवढी मोठी शर्यत, आन् रस्ता न्हाई? साहेबांची चिट्ठी घेऊ, तिकडचाबी करून टाकू.

जलील : नगं. गेल्या सत्काराला तुमी पुढच्या चाकावर नारळ फोडलात, ती रिम सरळ करताना माझी दुपार गेली.

मानसिंग : नव्या गाडीला नारळ फोडायचा न्हाई? ट्रॅक्टरला फोडतो, टेम्पोला फोडतो.

जलील : ट्रॅक्टरचं चाक सोसतं. आन् झेंडूचा हार गिअरमधी गेला तो येगळाच.

मानसिंग : हार तर उद्याबी हाय. फ्लेक्स लागलाय स्टँडवर. वर साहेब, मधी मी, खाली आरजू.

जलील : दिसती का?

मानसिंग : जवळ गेलं की दिसती.

आरजू : मी नाही येणार उद्या.

मानसिंग : आं?

आरजू : शाळेच्या आधी जाऊन येता येईल असा दुसरा उतार नाही मला. राजगडाखाली आहेत, पण तिथवर सायकल कशी नेऊ रोज? वर्षभर घासले मी, काका. सगळं गेलं. आणि तुम्ही मला फीत कापायला लावताय.

मानसिंग : पोरी, असं बोलू नगं गं. म्या मनापासनं केलंय. तुझं कोपर बघून रातभर झोप न्हवती मला.

जलील : मनापासनं केलंत, मान्य. पर मानसिंगराव, काम कुणाला दिलंत?

मानसिंग : आपल्या बंडूला. मेव्हणाच माझा, घरचा माणूस.

जलील : तुमच्या दारातला रस्ता केला, तोच बंडू?

मानसिंग : तोच.

जलील : उन्हाळ्यात केला, आन् गणपतीत त्याच रस्त्यात देवाची गाडी अडकली. खांदा द्यायला मीबी हुतो.

मानसिंग : अडकली खरी. डांबर वाहून गेलं, खालची खडी वर आली. पाऊस लई झाला त्या साली.

आरजू : खडी केवढी होती, अब्बा?

जलील : खडी कसली, धोंडंच. नारळाएवढं. खिंडीतल्यापरीस वंगाळ.

आरजू : आणि निवडीची शर्यत दिवाळीनंतर आहे ना?

जलील : दिवाळीनंतर.

आरजू : काका, उद्या किती वाजता यायचं?

मानसिंग : आं? धाला! बघा जलीलभाई, अशी समजूतदार पोर पायजे.

आरजू : पण एक काम करा. बंडूमामांना म्हणावं, दिवाळीपर्यंत डागडुजी करू नका.

मानसिंग : त्याची काळजी सोड, पोरी. बंडूनं आजवर एकाबी रस्त्याची डागडुजी केलेली न्हाई.

आरजू : मग कात्री मीच आणते घरून.