कुटुंबाचा वाटा

कारकून बाई : ...नाही हो ताई, बाहेरच्या फलकावरची फी बघून घाबरायचं नसतं. तेवढी पूर्ण फी भरणारे मोजकेच. आम्ही आधी बघतो, घरात येतं किती आणि खाणारी तोंडं किती. त्यावरून कुटुंबाचा वाटा काढतो. तो तुम्ही भरायचा. उरलेल्यातलं काही कॉलेज माफ करतं, काहीसाठी कर्ज मिळतं.

आई : ते समजलं मॅडम. पण आमचा वाटा इतका कसा निघाला? माझा लाँड्रीतला पगार तर तुम्ही बघितलात.

कारकून बाई : बघितला ना. इस्त्रीचं काम, रविवारच्या जादा पैशांसकट. पण त्याच्याखाली तुमच्या मुलीने लिहिलंय, ‘वडिलांकडून दरमहा मदत’. दोन्ही धरल्यावर आकडा वर जाणारच.

मुलगी : मग बरोबरच आहे की. बाबा पाठवतात ते लिहायला नको?

आई : मॅडम, ते वडिलांचं खोडता येईल का?

मुलगी : आई!

कारकून बाई : येईल. पण वडील काहीच देत नाहीत असं दोघींनी सही करून द्यायचं. खोटं निघालं तर मदत बंद, प्रवेशही रद्द. राग मानू नका, पण फी कमी करून घ्यायला इथे रोज कुणी ना कुणी नवऱ्याला गायब करतं.

मुलगी : मी नाही करणार सही.

आई : अगं, ऐकून तर घे.

मुलगी : काय ऐकू? दर महिन्याला माझ्या नावाने पाकीट येतं. माझी सायकल त्यातून आली, क्लासची फी त्यातून गेली. आणि आज चार पैसे वाचवायला त्यांना पुसून टाकायचं? तुमचं दोघांचं पटलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यांना खोटं पाडणार नाही.

कारकून बाई : ताई, आज शेवटची तारीख आहे. आहे हाच वाटा राहिला तर भरू शकाल?

आई : नाही हो.

कारकून बाई : मग जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. हवं तर बाहेर बाकावर बसून बोलून घ्या दोघी.

आई : नको. बाहेर गेले तर माझा धीर सुटेल. अगं... बाबा पैसे पाठवत नाहीत.

मुलगी : झालं सुरू.

आई : कधीच पाठवले नाहीत. ते कुठे असतात तेसुद्धा मला ठाऊक नाही.

मुलगी : मॅडम, ही सहीसाठी बोलतेय.

आई : पाकिटातल्या नोटा कशा असतात गं?

मुलगी : कशा म्हणजे? कोऱ्या, कडक. तुझ्या पर्समधल्यासारखा चोळामोळा नसतो त्यांचा.

आई : कडक असतात, पण कडा मळलेल्या. कोऱ्या नोटेच्या कडा मळतात होय? चादरी संपल्या की इस्त्री निवत आलेली असते. तेव्हा जरा पाणी शिंपडून, वर रुमाल टाकून एकेक नोट दाबते मी. म्हटलं, आपला बाप कुठेतरी चांगल्या नोकरीत आहे असं वाटावं तुला.

(कारकून बाई स्टेपलर उचलते आणि पुन्हा जागेवर ठेवते.)

मुलगी : म्हणजे... रविवारचं काम?

आई : हो.

कारकून बाई : अरे देवा. म्हणजे तेच पैसे दोनदा धरले गेले. एकदा पगारात, एकदा वडिलांच्या नावावर.

मुलगी : पण का केलंस असं?

आई : लहान होतीस तू. ते गेल्यापासून जेवायचीच नाहीस, दाराकडे तोंड करून बसून राहायचीस. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, बाबांनी तुला पैसे पाठवलेत म्हणून. तू पोटभर जेवलीस. मग पुढच्या महिन्यात आले नाहीत असं कुठल्या तोंडाने सांगू? दर वेळी ठरवायचे, आता बोलून टाकायचं. तू पाकीट उघडायला लागलीस की जीभच उचलायची नाही. चुकलंच माझं. आज तुझ्या शिक्षणावर आलं म्हणून बोलले. नाहीतर अजूनही नसते बोलले.

मुलगी : आणि मी तुलाच ऐकवायचे. बाबा निदान पाठवतात तरी, तू नुसती नाही-नाही करतेस.

आई : जाऊ दे. मीच ऐकवायला शिकवलं ना तुला.

कारकून बाई : वडिलांपुढे शून्य लिहितेय मी. वाटा बराच खाली येईल, जमेल तुम्हाला. आणि ताई, मघाशी ते गायब करण्याचं बोलले, मनाला लावून घेऊ नका.

आई : तुमचं कुठे चुकलं? तुम्ही असलेला गायब करणारे बघितलेत. मी नसलेला हजर करून ठेवला होता.

कारकून बाई : सही इथे, आणि खाली इथे.

मुलगी : पेन द्या मॅडम. आई, मागे एकदा पाकीट आलंच नव्हतं. मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. वाटलं, तूच त्यांना काहीतरी बोलली असशील.

आई : आठवतंय.

मुलगी : तेव्हा काय झालं होतं?

आई : काही नाही गं. हात भाजला होता. इस्त्री धरवत नव्हती.

मुलगी : मला कसं दिसलं नाही?

आई : माझ्याकडे बघत कुठे होतीस तू तेव्हा? कर सही, मागे माणसं खोळंबलीत.