ईराचा अंगठा सुटला

अगं, अंगठा सुटला म्हणून माझं अभिनंदन करू नकोस. कसा सुटला ते आधी ऐक.

ईराला अंगठा तोंडात घेतल्याशिवाय झोपच यायची नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, ओरडू नका, हळूहळू सोडेल. मग मी तिचे हात गुंतवून ठेवायचे. कधी कणकेचा गोळा द्यायचे, कधी मटार सोलायला बसवायचे. आणि एके दिवशी बालवाडीतून आली ती अंगठा न घेताच झोपली. सासूबाईंनी कौतुकाने शिरा केला.

पुढे पालकसभेसाठी ठाकुर्लीला तिच्या शाळेत गेले. टीचर सगळ्या आयांसमोर सांगायला लागल्या, "ईराला मी वर्गासमोर उभं केलं. मुलांना म्हटलं, हसा रे हिला, तान्हं बाळ आलंय बघा! एका दिवसात सवय गेली. आता तर वर्गात तोंडातून शब्द काढत नाही, इतकी गुणी झालीये."

मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "टीचर, आमच्या आरवलाही असंच करा ना."

घरी येताना रिक्षात ईराला विचारलं, "शाळेत बोलत का नाहीस गं?"

"तोंड उघडलं की अंगठा आत जातो. मग सगळे हसतात."

दुसऱ्या दिवशी जाऊन त्या टीचरशी कडाकडा भांडले आणि ईराला तिथून काढलं. डोंबिवलीतल्या दुसऱ्या शाळेत घातलं.

काल तिथल्या टीचरचा फोन आला. बिचारी चाचरत म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण ईराला बोलता येतं ना?"