मटणाला बाळंतिणीची धुरी

हसू नका, पण घरच्या बार्बेक्यूसाठी धुरावर मटण भाजायचा स्मोकर विजेचा घ्यायचा की कोळशाचा, यावरून आमच्याकडे आठवडाभर वाद चालला होता. नवऱ्याचं म्हणणं, "विजेवर इस्त्री हुती, मटण न्हाय." मला पाच महिन्यांच्या अन्वीच्या छातीची काळजी. धुराबद्दल इतकं वाचलं होतं, की उदबत्तीसुद्धा मी अंगणात नेऊन लावायचे.

शेवटी मी जिंकले. रविवारी त्याचे मित्र जेवायला आले, विजेच्या स्मोकरमध्ये मटण ठेवलं आणि लाईट गेली.

सासूबाईंनी गुपचूप माळ्यावरची शेगडी काढली. परसात कोळसे पेटवले, जाळीवर मटण मांडलं आणि निखाऱ्यावर डब्यातली मूठभर पूड टाकली.

"आई, अन्वीला धूर सोसायचा नाही ओ."

"सव्वा महिना ह्याच शेगडीची धुरी घेतलीया की तिनं. तवा का न्हाय बोललीस?"

तेव्हा मला वाचायला वेळच नव्हता.

पहिलाच घास घेऊन नवऱ्याचा मित्र थबकला. "वैनी, मटण एक नंबर हाय. खरं बाळंतिणीच्या खोलीत जेवल्यागत का वाटाय लागलंय?"

पूड ओवा-शेपा-वावडिंगाची होती. अन्वीच्या धुरीतली उरलेली.

धूर घरात शिरला असणार, म्हणून मी घाबरून आत धावले. सकाळपासून किरकिरणारी अन्वी त्या ओळखीच्या वासात गाढ झोपली होती. तेवढ्यात लाईट आली, स्मोकर टुंईटुंई ओरडला आणि पोरगी दचकून रडायला लागली.

तिला उचलून घेत सासूबाई म्हणाल्या, "धूर कमी हाय खरं, तोंड लई हाय ह्याचं."