साथीचा ताप

“तुझं हे वागणं मला मुळीच पटलेलं नाही. जुन्या कंपनीला आधी सांगायला नको?”

विमानतळाच्या बाकावर शेजारच्या तरुण पायलटाची बायको त्याला झापत होती. अक्कांनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच लावले.

“कळवलं की! ताप आलाय म्हणून.”

“आणि आज सकाळचं तुझं विमान?”

“नेईल कुणीतरी. रीतसर सांगितलं असतं, तर तीन महिने राबवून घेतलं असतं त्यांनी.”

“अरे, पण त्या विमानातली माणसं?”

“त्यांना काय, चहा पाजला की गप्प बसतात. मला संध्याकाळी नव्या ठिकाणी हजर व्हायचंय. नाहीतर जागा दुसऱ्याला देतील.”

तेवढ्यात घोषणा झाली. पायलटाची तब्येत अचानक बिघडल्यामुळे ते दोघं ज्या विमानाची वाट बघत होते, तेच रद्द झालं होतं.

तो तरुण उसळला, “तब्येत? कसली डोंबलाची तब्येत! पळाला असणार दुसऱ्या कंपनीत. लोकांचा काही विचार? आता माझ्या नोकरीचं काय?”

अक्का पिशवी सावरत उठल्या आणि त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या,

“तुझा उतरला वाटतं, बाळा. आता त्याला चढलाय. साथच आलीय मेली!”