माझ्याकडं उजवाच पंजा आहे

— जागा वाईट आहे असं कुठं म्हणालो मी, काका? सपाट आहे, गवत आहे, ट्रेलर वळवायला ऐसपैस आहे, चाकाखाली दगडसुद्धा नको. तंबू आणि छोटा ट्रेलर दोन्ही मावतील अशी आख्ख्या खोऱ्यात ही एकच जागा, मान्य. पण इथं नका राहू. का म्हणजे — वारा सुटतो संध्याकाळी. हो, आत्ता पानही हलत नाहीये, दिसतंय मला. बरं, धनगरांची कुत्री येतात. आवडतात कुत्री? ही नाही आवडायची. आणि जमीन मऊ आहे, खुंट्या धरत नाही — ठोका ना, ठोका, बघा कशी — हां. बसली. बसली तर बसली!

हसताय? दुकानात विओरिकाबाईनं सांगितलं ना? ‘लाल टोपीवालं कार्टं येईल, इलारिए नावाचं, अस्वल अस्वल करील, लक्ष देऊ नका.’ तोच मी. खोटं नाही बोलत बाई. शाळा सातवीत सुटली, पण कोरकाम बघा माझं — हा पंजा, बीच झाडाच्या लाकडाचा, नखं शिंगाची. काठीला बांधायचा आणि चिखलात ठप, ठप, ठप, पार तंबूच्या दारापर्यंत. मागच्या आठवड्यात एक कुटुंब तंबू घडी न घालताच ट्रेलरात कोंबून पळालं, चपला राहिल्या — ह्या काय, मीच घालतोय. हसून हसून पोट दुखलं माझं.

पण काका, पंजा एकच कोरलाय मी. उजवा. दुसऱ्याचा कंटाळा आला. आणि कुणी बघतंय हो? अस्वल उजव्या पायावर लंगडी घालत गेलं का, असं एकानं विचारलं नाही. आज सकाळी आलो, तर माझ्या ठशांत एक डावा. माझ्या ठशावरच टेकलेला, माझ्यापेक्षा हातभर — बरं, चार बोटं रुंद. आत पाणी साठलेलं, अजून गढूळ. गढूळ म्हणजे ताजं ना, काका? या, दाखवतो — नको, तिकडं नको. इथूनच बघा.

आलं कशाला म्हणजे? डोंगर आहे, अस्वल असणारच — असं बघू नका हो माझ्याकडं. बरं. मीच. नुसत्या ठशांना ते चार दिवसांमागचं जोडपं भ्यालं नाही, फोटो काढत बसलं. मग म्हटलं थोडा वास पाहिजे, थोडी खसफस पाहिजे. दोरिनमामाच्या दारूच्या भट्टीवर आलुबुखाराचा चोथा असतो, आंबलेला, तो आणून ओतला. दोन बादल्या. तीन दिवस. वाटलं, एखादं रानडुक्कर येईल, मजा. अस्वलाला आवडतो हे मला — माहीत होतं. आमच्यात पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. मामाला कसं सांगू? चामडी सोलील. वनखात्याला सांगितलं तर बंदुका घेऊन येतील, आणि त्या अस्वलानं काय केलंय हो? बोलावलं तर मीच. म्हणून तुमच्याकडं पळत आलो — विओरिकाबाईची शपथ, आईची शपथ, कुणाची पाहिजे त्याची शपथ — ट्रेलर गाडीला जोडा. चर्चमागं जागा आहे. तिरकी आहे, रात्रभर काकूंच्या अंगावर घरंगळाल, पण —

काकू झोपल्यात ना आत?

मग कुठं?

पाणी आणायला कुठं, काका? नदीवर ना? नदीवर म्हणा.

झऱ्यावरच ओतलाय चोथा. झऱ्यावर.

हाक नका मारू! ऐका, ऐका माझं, एकदा तरी ऐका. त्या बघा, आल्या. झाडीतून येतायत, डबा घेऊन, गुणगुणत. मागं बघत नाहीयेत. आणि त्यांच्या मागं — दिसलं ना तुम्हाला पण? उभं नाही राहिलंय, चालतंय, नाक खाली घालून. चालतंय तोवर ठीक. धावू नका. तुम्ही धावलात की त्या धावतील, त्या धावल्या की ते धावेल. हसा, काका. त्यांच्याकडं बघून हसा. हात हलवा, ये म्हणून, सावकाश, जसा काही चहाच झालाय. ट्रेलरचं दार मी उघडतो, कडीला हात आहे माझा. अजून हसा. त्या पण हसल्या बघा. तसंच. आता बोलायचं नाही. मी पण —