मोडला एक, बांधले दोन

मोडला होता डावा पाय, अन् तो माणूस बांधून राहिला दोन्ही. आता संशय येईल का नाही, तुम्हीच सांगा. आमची पुष्पकला धानाच्या बंडीत भाऱ्यांवर बसली होती, चाक धुऱ्याच्या बांधावर चढलं, बंडी कलंडली अन् पोरगी खाली. गुडघ्याखाली पाय वाकडा, मी उचलाले धावली तं मागून आवाज, "हात लावू नका, बाई." बाप्पा, पोटची पोरगी माझी, अन् मलेच हात लावू नका? कोण, तं शेजारच्या मालनबाईचे जवाई यादोराव, जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीले. तिथं म्हणे जखमी माणसाले दवाखान्यात नेण्याआधी कसं सांभाळायचं, त्याचा वर्ग झाला त्यायचा. वर्ग तं माझेही सात झाले, मी कोणाले अडवते का? पण दुसऱ्याचा जवाई, तोडून बोलताही येत नाही...

पोरगी बोंबलून राहिली, तं यादोराव म्हणते, "रडू द्या, रडते ते चांगलं हाये. चूप झाली असती तं मी घाबरलो असतो." लेकराचं रडणं चांगलं? संशय येईल का नाही, तुम्हीच सांगा. सासूबाई तांब्या घेऊन आल्या, तं, "पाणी नका देऊ, भंडाऱ्याच्या दवाखान्यात हाड बसवाले भूल द्यावी लागंल, मंग ओकंल." पोरगी चांगली शुद्धीत, अन् याच्या गोष्टी भुलीच्या. मंग डोक्याशी बसून चौकशी सुरू, नाव काय, मामाचं गाव कोणतं, सकाळी काय खाल्लं. पुष्पकला सांगते, "शिळा भात... अंडा आईनं सोताले ठेवला." साऱ्या गावासमोर. अंडा तिच्याच बापासाठी झाकून ठेवला होता हो. अन् यादोराव म्हणते, "डोक्याले लागलं नाही, बरोबर सांगून राहिली." मी म्हटलं, "जवाईबापू, डोक्यालेच लागलं, खोटं बोलून राहिली."

मंग पायाचा अंगठा दाबला, नख पांढरं झालं, सोडलं तं लाल झालं, म्हणते रक्त चालू हाये. एक थेंब कुठं दिसत नाही, अन् चालू हाये... तेवढ्यात पुंडलिकराव आले, माणसाचं असो का बैलाचं, एका झटक्यात हाड बसवणारे, बाह्या सारून तयारच. तं त्यायलेही हात जोडून बाजूले बसवलं. अन् मोडका पाय चांगल्या पायाले लावून, मधात मालनबाईच्या लुगड्याची घडी ठेवून, दोन्ही बांधून टाकले. "चांगला पाय म्हणजे लाकडाची पट्टीच समजा." आता चांगला होता तोही गेला म्हणायचा.

मंग घरची खाट आणून पोरीले तिच्यावर ठेवलं, अन् वरून म्हणते, "चौघं या, खाट उचला." चौघं? जित्या लेकराले चौघं उचलते काय? संशय येईल का नाही, तुम्हीच सांगा. मी पुष्पकलाच्या बाबाले म्हटलं, तुम्ही पाचवे व्हा, उचलू नका, नुसता हात लावा. मंग धान न्याले आलेल्या ट्रकात खाट चढवली, तं पुष्पकलाचे बाबा भंडाऱ्यापर्यंत खाटेले हात लावूनच बसले.

तिथं डॉक्टरनं पाहिलं अन् म्हणते, "कोणी बांधलं? छान बांधलं." घ्या. हाही त्याच वर्गातला. पलस्तर लागलं, निघालं, पोरगी आता बोरीवर चढते. तरी मी रोज तिले उन्हात उभी करते अन् दोन्ही पायांच्या सावल्या पाहते, एखादी वाकडी तं नाही...

मंग मीच पुष्पकलाच्या बाबाले म्हटलं, घरात लहान लेकरू, दर वेळेस दुसऱ्याचा जवाई कुठून आणायचा, तुम्हीच शिकून घ्या. शिकले. यादोराव सासरवाडीले आले की शिकवते, अन् हे घरी येऊन माझ्यावर गिरवते. आज सकाळपासून मी खाटेवर, दोन्ही पाय बांधलेले, अंगठा दाबून झाला, मंग विचारते, "बाई, नाव काय तुमचं?" सांगितलं. "माहेर?" सांगितलं. "नवऱ्याचं नाव?" आता सासूबाई समोर बसल्या, मी त्यायच्यादेखत नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ? मान फिरवली अन् चूप राहिली. तं हे उठून आईले म्हणते, "पेशंट शुद्धीवर नाही. भंडाऱ्याले न्यावं लागते."

अन् बैल जुपाले गेले. जाऊ द्या. नाव घेण्यापरीस भंडाऱ्याले गेलेली बरी.